एका वाक्याचा वारसा : ब्रिटिश वंशपरंपरागत किताबांचा आढावा

१९९० च्या नोव्हेंबरअखेरीस मार्गारेट थॅचर पंतप्रधानपदावरून पायउतार झाल्या आणि पुढच्याच महिन्यात त्यांचे पती डेनिस थॅचर यांना बॅरोनेट हा किताब जाहीर झाला. थॅचर दांपत्याला दोन मुले, मार्क आणि कॅरल. दोघे जुळे. २००३ साली डेनिस वारले आणि किताब मार्क यांच्याकडे गेला. जुळ्यांपैकी आधी कोण जन्मले हा प्रश्नही कोणाला पडला नाही, कारण त्याच्या उत्तराने काहीच बदलणार नव्हते. मुलगी असल्यामुळे कॅरल यांचे नाव वारसांच्या रांगेत कधी नव्हतेच. ज्या देशावर त्यांच्या आईने अकरा वर्षांहून अधिक काळ राज्य केले, त्याच देशाच्या कायद्यात हे बसत होते आणि आजही बसते.

राजघराण्याबाहेरच्या माणसाला मिळालेला हा शेवटचा वंशपरंपरागत किताब. त्यानंतर एकही नवा निघालेला नाही, पण जुने शेकडो किताब चालू आहेत आणि धारक मेला की पुढच्याच्या नावाला चिकटत आहेत. हे किताब निर्माण कसे होतात, कोणाकडे जातात, कोणाला डावलतात, वाद झाला तर निवाडा कोण करते आणि आपल्या मुंबईत ते कसे रुजले, याचा हा आढावा. ही सारी व्यवस्था सनदेतल्या एका वाक्यावर उभी आहे, आणि त्या वाक्याला हात लावायला ब्रिटिश संसद आजवर कचरत आली आहे. हे कचरणे आता संपायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

किताबांची उतरंड

वरून खाली पाहिले तर पाच दर्जे : ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. हे पाचही ‘पीअर’, म्हणजे उमराव. १९९९ पर्यंत यांना जन्माच्या आधारावर लॉर्ड्सच्या सभागृहात जागा मिळत असे. त्यांच्याखाली बॅरोनेट. तो उमराव नव्हे, त्याला सभागृहात जागा नाही. पण त्याच्या नावाआधी ‘सर’ लागते आणि ते ‘सर’ मुलाकडे जाते.

मराठी वाचकाची गल्लत नेमकी इथे होते. नाइट झालेल्या माणसालाही ‘सर’च म्हणतात. सर फिरोजशहा मेहता आणि सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे नाइट होते. त्यांचे ‘सर’ त्यांच्या हयातीपुरते होते, त्यांच्याबरोबरच ते संपले. सर जमशेटजी जीजीभॉय आधी १८४२ साली नाइट झाले आणि १८५७ साली बॅरोनेट. पहिला मान त्यांचा एकट्याचा होता, दुसरा त्यांच्या पुढच्या पिढ्यांचाही झाला.

बॅरोनेट हा दर्जा जन्मालाच आला तो पैशाच्या गरजेतून. पहिला जेम्स राजा कर्जात होता आणि आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांतात वसाहत बसवायला त्याला सैन्य हवे होते. २२ मे १६११ रोजी त्याने हा नवा किताब काढला. त्याची किंमत कशी ठरली ते पाहण्याजोगे आहे. एका शिपायाचा रोजचा खर्च आठ पेन्स. तीस शिपाई म्हणजे २४० पेन्स, म्हणजे बरोबर एक पौंड. वर्षाचे ३६५ पौंड आणि तीन वर्षांचे १,०९५ पौंड. एवढी रक्कम जो सरकारी खजिन्यात भरील, ज्याचे जमिनीचे उत्पन्न वर्षाला हजार पौंड असेल आणि ज्याच्या आजोबांना कुलचिन्ह वापरण्याचा मान असेल, त्याला हा किताब. संख्या दोनशेच्या पुढे जाऊ देणार नाही, असे राजाने वचन दिले होते. रेडग्रेव्हचे सर निकोलस बेकन हे पहिले मानकरी. अल्स्टरचा लाल पंजा बॅरोनेटच्या ढालीवर आला तो या व्यवहाराची खूण म्हणून.

दोनशेचे वचन पुढे पाळले गेले नाही. १६१९ मध्ये आयर्लंडसाठी आणि १६२५ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या वसाहतीसाठी वेगळ्या बॅरोनेटसी निघाल्या. किताब आणि पैसा यांची सोयरीक मात्र तिथून सुटली नाही ती थेट विसाव्या शतकापर्यंत. पहिल्या महायुद्धानंतर लॉइड जॉर्ज पंतप्रधान असताना पक्षाच्या निधीसाठी किताब विकले गेले, हे उघड गुपित होते. १९२२ साली दक्षिण आफ्रिकेतले खाणमालक जोसेफ रॉबिन्सन यांचे नाव उमरावपदासाठी आल्यावर संसदेत एवढा गदारोळ झाला की त्यांना नकार द्यावा लागला. त्यातून १९२५ चा कायदा आला आणि किताबांची दलाली हा गुन्हा ठरला. त्या कायद्याखाली १९३३ साली माँडी ग्रेगरी नावाच्या दलालाला शिक्षाही झाली.

सनदेतले वाक्य

किताब निर्माण होतो तो राजाच्या खुल्या सनदेने. तिला ‘लेटर्स पेटंट’ म्हणतात. सनद लांबलचक असते, पण तिच्यातले एकच कलम पिढ्यान्‌पिढ्यांचे भवितव्य ठरवते. किताब पुढे कोणाकडे जावा, हे सांगणारे ते कलम. बहुतेक सनदांत त्याचा मजकूर सारखा असतो : धारकाकडे आणि त्यानंतर त्याच्या शरीरापासून कायदेशीर विवाहात जन्मलेल्या पुरुष वारसांकडे.

यातला प्रत्येक शब्द कात्रीसारखा चालतो. ‘शरीरापासून’ म्हटल्यावर दत्तक गेला. ‘कायदेशीर विवाहात’ म्हटल्यावर विवाहबाह्य संतती गेली. ‘पुरुष’ म्हटल्यावर मुलगी गेली आणि तिच्या पोटचा मुलगाही गेला. उरला थोरला मुलगा. तो बापाआधी वारला असेल तर त्याचा मुलगा, आणि ती शाखा खुंटली असेल तरच धाकट्या मुलाचा नंबर. पहिल्या धारकाच्या भावाला यात स्थान नाही, कारण तो त्याच्या शरीरापासून झालेला नाही.

आपल्याकडच्या वतनाच्या सनदांतही लेकराचे लेकरी चालवावे, अशी भाषा असे. पण वतनात भाऊबंदांचा वाटा असे, तंटे होत, तक्षिमा पडत. ब्रिटिश किताबाची वाटणी होत नाही. तो अख्खा एकाकडे जातो, बाकीच्यांच्या हाती काही पडत नाही. इंग्लंडमधल्या मोठ्या जमीनदाऱ्या शतकानुशतके अखंड राहिल्या त्या थोरल्याला सारे देण्याच्या याच रिवाजामुळे, आणि धाकटी मुले सैन्यात, चर्चमध्ये, वकिलीत आणि हिंदुस्थानच्या नोकरीत शिरली तीही याच कारणाने.

१९८३ साली मार्गारेट थॅचर यांनी वंशपरंपरागत उमरावपदाची बंद पडलेली प्रथा पुन्हा सुरू केली. त्यांचे मंत्रिमंडळातले सहकारी विल्यम व्हाइटलॉ आणि कॉमन्स सभागृहाचे माजी सभापती जॉर्ज थॉमस यांना व्हायकाउंट करण्यात आले. व्हाइटलॉ यांना चार मुली होत्या, मुलगा नव्हता. थॉमस अविवाहित होते. दोन्ही किताब वंशपरंपरागत म्हणून दिले गेले आणि दोन्ही धारकांबरोबरच संपले. वाक्याचे बळ किती असते ते या दोन उदाहरणांत दिसते. घरात चार वारस असूनही कायद्याच्या नजरेत वारस एकही नव्हता.

एकदा सनद निघाली की तिचे वाक्य धारकाला बदलता येत नाही. किताब विकता येत नाही, मृत्युपत्रात लिहिता येत नाही, आवडत्या मुलाला देता येत नाही. राजालाही मागाहून मजकूर फिरवता येत नाही. ते काम फक्त संसद करू शकते. मार्लबरोच्या ड्यूकचे उदाहरण प्रसिद्ध आहे. फ्रान्सविरुद्धच्या लढाया जिंकणाऱ्या या सेनापतीचा मुलगा तरुणपणीच वारला. तेव्हा १७०६ साली संसदेने खास कायदा करून किताब मुलींकडे जाण्याची वाट मोकळी केली. १७२२ मध्ये त्याची थोरली मुलगी हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली. विन्स्टन चर्चिल ज्या घराण्यात जन्मले ते घराणे याच किताबाचे, आणि तो त्या घराण्याकडे आला तो एका मुलीच्या वंशातून. राज्यकर्त्यांच्या मनात आले की नियम वाकतो, एवढे यातून कळते.

सनद लिहिताना आधीच वेगळा मजकूर घालण्याचीही सोय आहे. तिला ‘विशेष उत्तराधिकार’ म्हणता येईल. नेल्सनला औरस संतती नव्हती. ट्रफाल्गरला तो पडल्यावर त्याचा पाद्री भाऊ विल्यम याला अर्ल करण्यात आले आणि पुढचा हक्क बहिणींच्या मुलांपर्यंत नेण्यात आला. नेल्सनची स्वतःची मुलगी होरेशिया विवाहबाह्य संबंधातून झालेली. तिला काही मिळाले नाही. लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या अर्ल किताबात मुलींना हक्क होता. भारताचे शेवटचे व्हाइसरॉय माउंटबॅटन यांना दोन मुलीच होत्या, म्हणून त्यांच्या सनदेतही मुलींची तरतूद होती. १९७९ साली त्यांची हत्या झाल्यावर थोरली मुलगी पॅट्रिशिया काउंटेस माउंटबॅटन ऑफ बर्मा झाली. सरकारला हवे तेव्हा मुलगी चालते, मग एरवी का चालत नाही, हा प्रश्न या अपवादांतूनच उभा राहतो.

सनदेआधीच्या काळातली एक जुनी परंपराही शिल्लक आहे. मध्ययुगात राजा एखाद्याला नुसते आमंत्रणपत्र पाठवून संसदेत बोलावी आणि त्यातूनच बॅरनपद सिद्ध होई. अशी बॅरनपदे मुलींकडे जाऊ शकतात. पण मुलगा नसेल आणि मुली दोन किंवा अधिक असतील तर सगळ्यांचा हक्क सारखा, त्यामुळे किताब कोणालाच मिळत नाही, तो अधांतरी राहतो. बाकीच्या शाखा खुंटून एकच वारस उरला किंवा राजाने एकाच्या बाजूने कौल दिला की तो पुन्हा जागा होतो. ग्रे ऑफ कॉडनर हे बॅरनपद १४९६ मध्ये असे अधांतरी गेले आणि १९८९ मध्ये परत आले. मधे ४९३ वर्षे गेली.

दाराबाहेर ठेवलेले

मुलींचा लढा सगळ्यात जुना. उद्योगपती डी. ए. थॉमस यांना व्हायकाउंट ऱ्होंडा करताना एकुलत्या एका मुलीसाठी विशेष उत्तराधिकार ठेवला गेला आणि १९१८ मध्ये मार्गारेट थॉमस व्हायकाउंटेस ऱ्होंडा झाल्या. लुझिटानिया बोट बुडाली तेव्हा त्या बोटीवर होत्या आणि वाचल्या होत्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी तुरुंगातही गेल्या होत्या. १९१९ च्या कायद्याने स्त्रियांवरची सार्वजनिक पदांची बंदी उठली, तेव्हा त्यांनी लॉर्ड्समध्ये आपली जागा मागितली. १९२२ साली सभागृहाच्या समितीने ती नाकारली. किताब तुमचा, बसायची जागा मात्र नाही, असा तो निकाल. वंशपरंपरागत स्त्री उमरावांना सभागृह खुले झाले ते १९६३ मध्ये. लेडी ऱ्होंडा त्याआधी पाच वर्षे वारल्या होत्या.

बाकीच्या कायद्यांनी माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलली, किताबांनी मात्र स्वतःभोवती कुंपण घालून घेतले. आईबापांनी नंतर लग्न केले तर आधी झालेले मूल औरस ठरावे, असा कायदा इंग्लंडमध्ये १९२६ साली झाला. त्यात किताबांचा अपवाद लिहिला गेला. दत्तक मूल सर्व बाबतींत पोटच्या मुलासारखे, पण किताबाच्या बाबतीत नाही. २००४ च्या राजाज्ञेने उमरावांच्या दत्तक मुलांना नावाआधी मानाची उपाधी लावता येऊ लागली, वारसाहक्क तेव्हाही मिळाला नाही. त्याच वर्षी लिंगबदलाला कायदेशीर मान्यता देणारा कायदा आला. त्याचे सोळावे कलम सांगते की या बदलाचा किताबाच्या वारशावर परिणाम होणार नाही.

दत्तकाचा मुद्दा मराठी वाचकाला जिव्हारी लागावा असा आहे. १८४८ साली साताऱ्याच्या छत्रपतींनी मृत्यूपूर्वी घेतलेले दत्तक डलहौसीने नाकारले आणि राज्य खालसा केले. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना आपली चूक उमगली आणि १८६२ मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. हिंदुस्थानात गादीवर दत्तक चालेल, हे त्यांनी मान्य केले. आपल्या घरच्या किताबाला मात्र ते आजही चालू देत नाहीत.

निवाडा कोण करतो

किताब आपोआप जातो, पण तो आपल्याकडे आला हे सिद्ध करावे लागते. बॅरोनेटांसाठी १९१० पासून अधिकृत नोंदवही आहे. जन्म, विवाह आणि मृत्यूचे दाखले देऊन जोवर नाव चढत नाही, तोवर सरकारी कागदांत कोणी बॅरोनेट म्हणून ओळखला जात नाही. उमरावपदाचे वाद लॉर्ड्सच्या विशेषाधिकार समितीपुढे जात आले आहेत. अशा वादांत घराण्यांची खासगी आयुष्ये उघडी पडतात आणि कायद्याची कसोटी लागते.

अॅम्पथिल घराण्याचा वाद अर्धे शतक रेंगाळला. १९२१ मध्ये जन्मलेला मुलगा आपला नाही, असे पतीचे म्हणणे होते. १९२४ साली लॉर्ड्सने निर्णय दिला की विवाहकाळात संबंध नव्हते असे सांगून पती किंवा पत्नी मुलाला अनौरस ठरवू शकत नाही. १९२६ मध्ये न्यायालयाने मुलाला औरस ठरवले. १९७३ साली बाप वारल्यावर सावत्र भावाने पुन्हा दावा लावला. १९७६ मध्ये समितीने १९२६ चा निकाल अंतिम मानला. एकदा न्यायालयाने माणसाला त्याचे नाव दिले की पन्नास वर्षांनी ते काढून घेऊ नये, ही त्यामागची भूमिका शहाणपणाची होती.

२०१६ साली मात्र उलटे घडले. स्कॉटलंडमधल्या स्टिचिलच्या प्रिंगल घराण्याची बॅरोनेटसी १६८३ ची. दहावे बॅरोनेट वारल्यावर वारस ठरवताना डीएनए तपासणी पुढे आली. तिच्यावरून नववे बॅरोनेट हे आठव्यांचे पुत्र नव्हते, असा निष्कर्ष निघाला. राणीने प्रकरण प्रिव्ही कौन्सिलकडे पाठवले. कौन्सिलने डीएनएचा पुरावा स्वीकारला आणि किताब दुसऱ्या शाखेकडे गेला. ‘शरीरापासून’ या शब्दाचा अर्थ आता प्रयोगशाळा लावू शकते. जुन्या घराण्यांना हा धक्का पचायला जड जाणार, कारण शेकडो वर्षांत अशी एकही गफलत झाली नाही असे छातीठोकपणे सांगू शकणारी घराणी फार थोडी असतील.

भारताशी थेट नाते असलेला वाद सिन्हा घराण्याचा. बंगालमधल्या वीरभूम जिल्ह्यातल्या रायपूरचे सत्येंद्र प्रसन्न सिन्हा हे नामांकित बॅरिस्टर. १९१९ साली ते बॅरन सिन्हा ऑफ रायपूर झाले. लॉर्ड्समध्ये बसणारे ते पहिले भारतीय. भारतमंत्र्यांचे उपमंत्री या नात्याने त्यांनी १९१९ चा भारत सरकार कायदा त्या सभागृहातून पार नेला. १९२८ मध्ये ते वारले. मुलाने वारसाहक्काने जागा मागितली, तेव्हा अडचण निघाली ती आईबापांच्या लग्नाची. विवाह हिंदू पद्धतीने झालेला, आणि त्या काळच्या हिंदू कायद्यात पुरुषाला दुसरी बायको करता येत होती. सिन्हांनी दुसरे लग्न केले नव्हते. पण करता आले असते, मग असा विवाह इंग्लिश कायद्याच्या अर्थाने ‘कायदेशीर विवाह’ ठरतो का, आणि त्यातला मुलगा सनदेतल्या वाक्यात बसतो का? निकाल लागला १९३९ साली. मुलाच्या जन्माआधी दांपत्य साधारण ब्राह्मो समाजात गेले होते, त्या समाजात एकपत्नीत्वाचा दंडक होता, म्हणून मुलगा औरस वारस ठरला. म्हणजे बापाने धर्मसुधारणेचा मार्ग धरला नसता तर मुलाचे काय झाले असते, हा प्रश्न लटकतच राहिला असता. ज्या साम्राज्याने किताब दिला, त्याच्या किताबाचा साचा त्या साम्राज्यातल्या प्रजेच्या लग्नांना धरून बनवलेलाच नव्हता.

मुंबईचे बॅरोनेट

हाच बेबनाव मुंबईत मालमत्तेच्या रूपाने दिसला. जमशेटजी जीजीभॉय १७८३ मध्ये जन्मले, चीनच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा मिळवला. त्या व्यापारात कापूस होता तशी अफूही होती आणि ही गोष्ट झाकून ठेवण्याची नाही. त्या पैशातून त्यांनी मुंबईला जे. जे. रुग्णालय दिले, कलाशाळा दिली. त्यांच्या पत्नी लेडी आवाबाईंनी माहीमचा कॉजवे बांधायला पैसा दिला. १८५७ च्या ऑगस्टमध्ये, उत्तर हिंदुस्थानात उठाव पेटलेला असताना, ते पहिले भारतीय बॅरोनेट झाले. १८५९ मध्ये ते वारले.

किताब थोरल्या मुलाकडे जाणार हे सनदेने ठरवले होते. पण किताबाला शोभेल अशी मालमत्ता त्याच्याकडे टिकणार कशी? इंग्लंडमध्ये थोरल्याला सारे देण्याची रीत होती, इथे संपत्ती वारसांत वाटली जाते. दोनतीन पिढ्यांत नावापुरता ‘सर’ उरला असता. म्हणून १८६० चा विसावा कायदा झाला. त्या कायद्याने वर्षाला एक लाख रुपये उत्पन्न देणाऱ्या सरकारी प्रॉमिसरी नोटा आणि माझगाव कॅसल हा वाडा कायमचा किताबाला जोडून टाकला. त्याशिवाय एक विलक्षण अट आली. जो कोणी किताबाचा वारस होईल त्याने स्वतःचे नाव सोडून ‘जमशेटजी जीजीभॉय’ हेच नाव घ्यायचे. थोरले चिरंजीव कर्सेटजी बॅरोनेट होताच दुसरे सर जमशेटजी झाले आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांनीही तेच केले. मुंबईच्या जुन्या कागदपत्रांत एकच नाव शंभर वर्षे कसे चालले याचा उलगडा इथे होतो. संशोधकाने साल पाहिल्याशिवाय कोणते सर जमशेटजी ते ठरवू नये.

हा नमुना पुढे कित्ता झाला. गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट १८९० मध्ये बॅरोनेट झाले. परळचे बाई साकरबाई पशुरुग्णालय त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. त्यांच्यामागे किताब नातवाकडे गेला, कारण नातवाचे वडील आधीच वारले होते. नातवाचे जन्मनाव जीजीभॉय फ्रामजी. किताबाबरोबर ते दुसरे सर दिनशॉ माणेकजी पेटिट झाले. महंमदअली जीनांशी लग्न केलेल्या रत्तनबाई या त्यांच्याच कन्या. १९०८ साली कावसजी जहांगीर, १९०९ साली जेकब ससून, १९१० साली खोजा समाजातले करीमभॉय इब्राहिम आणि १९१३ साली अहमदाबादचे चिनुभाई माधवलाल अशी ही माळ वाढत गेली. चिनुभाई हे एकमेव हिंदू बॅरोनेट. पारशी, यहुदी, मुस्लिम, हिंदू अशा चार धर्मांची घराणी एकाच इंग्लिश वाक्याखाली आली.

जेकब ससून यांच्या सनदेत भावासाठी विशेष उत्तराधिकार होता. किताब भाऊ एडवर्ड यांच्याकडे आणि मग पुतणे व्हिक्टर यांच्याकडे गेला. १९६१ मध्ये व्हिक्टर निपुत्रिक वारले आणि तो संपला. कावसजी जहांगीर घराण्याचे नाव मात्र मुंबईत रोज घेतले जाते. दुसऱ्या सर कावसजींनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून १९५२ मध्ये जहांगीर कलादालन उभे राहिले, आणि समोरच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने राज्याने किताब देणे बंद केले आणि नागरिकाने परकी राष्ट्राकडून किताब घेण्यालाही मनाई केली. आपल्या घटनाकारांनी एका फटक्यात जे केले, ते करायला ब्रिटनला अजून धीर झालेला नाही.

उरलेसुरले

ब्रिटनने हा प्रश्न सोडवला तो तुकड्यातुकड्याने. १९५८ च्या कायद्याने हयातीपुरती उमरावपदे आली आणि वंशपरंपरागत पदांची गरजच उरली नाही. १९६३ च्या कायद्याने नको असलेले उमरावपद सोडून देण्याची मुभा मिळाली. तो कायदा घडवला टोनी बेन यांनी. वडिलांच्या मृत्यूने ते व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाले होते आणि त्यापायी त्यांची लोकांनी निवडून दिलेली कॉमन्समधली जागा गेली होती. त्याच वर्षी अर्ल ऑफ होम यांनी या कायद्याचा आधार घेऊन अर्लपद सोडले आणि ते पंतप्रधान म्हणून कॉमन्समध्ये बसू शकले. पण हे सोडणेही फक्त आपल्यापुरते. २०१४ मध्ये बेन वारल्यावर किताब त्यांच्या मुलाकडे गेलाच.

१९९९ मध्ये लॉर्ड्समधून सहाशेहून अधिक वंशपरंपरागत सदस्य बाहेर पडले, ९२ जणांची सोय ठेवली गेली. आणि याही जागा काढून टाकण्याचे विधेयक २०२४ च्या सप्टेंबरात मांडले गेले. १९८४ साली हॅरॉल्ड मॅकमिलन अर्ल ऑफ स्टॉकटन झाले, त्यानंतर राजघराण्याबाहेर नवे वंशपरंपरागत उमरावपद नाही. राजपुत्र एडवर्ड यांना २०२३ मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरो केले गेले तेही हयातीपुरते. राजघराण्यालाही दिशा कळली आहे, असा याचा अर्थ मी लावतो.

प्रत्यक्ष सिंहासनाच्या बाबतीत तर भेद कायद्यानेच गेला. २०१३ च्या कायद्याने धाकटा भाऊ थोरल्या बहिणीच्या पुढे जाण्याची रीत मोडली. म्हणून राजकन्या शार्लट आपला धाकटा भाऊ लुई याच्या आधी रांगेत उभी आहे. किताबांनाही हाच न्याय लावावा, असे विधेयक लॉर्ड लुकास यांनी त्याच सुमारास आणले होते. ते तडीस गेले नाही. कारणे सांगितली जातात ती इस्टेटींच्या जुन्या करारांची आणि रांगेत असलेल्या पुतण्यांच्या अपेक्षांची. राजमुकुटाच्या बाबतीत या अडचणी सुटल्या, मग एखाद्या बॅरोनेटच्या ‘सर’साठी त्या का सुटू नयेत, याचे पटणारे उत्तर मी कुठे वाचलेले नाही.

किताब हे मानाचे चिन्ह आहे, त्याला आता सत्ता नाही, मग एवढे मनावर का घ्यायचे, असेही विचारले जाते. माझे उत्तर असे की राज्याने सही-शिक्क्यानिशी जपलेली गोष्ट कधीच नुसते चिन्ह नसते. सरकारी नोंदवहीत आजही लिहिले जाते की हा वारस आणि ही वारस नव्हे. दत्तक, विवाहबाह्य संतती आणि मुली यांना ब्रिटनच्या बाकी कायद्यांनी जो माणुसकीचा दर्जा दिला, तो या एका वहीत नाकारला जातो.

उपाय अवघड नाहीत. नवा वंशपरंपरागत किताब निघणार नाही, हा आजचा संकेत कायद्यात लिहून टाकावा. जे चालू आहेत त्यांच्या वाक्यातला ‘पुरुष’ हा शब्द संसदेने काढावा, दत्तकाला आणि आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेल्या मुलाला पोटच्या, औरस मुलाचा हक्क द्यावा, आणि हे ज्यांना मान्य नसेल त्यांना किताब कायमचा बंद करण्याची मुभा द्यावी. १७०६ साली एका सेनापतीच्या मुलींसाठी संसदेने जे केले, तेच आता सर्वांच्या मुलींसाठी करायचे आहे. तेवढेही करायचे नसेल, तर हे सारे किताब आजच्या धारकांबरोबर संपवणे हाच न्यायाचा मार्ग आहे.